जुन्या पीसीवर ओपीएनसेन्स फायरवॉल: घरासाठी पण, दुकान-ऑफिससाठी पण

दुकान किंवा छोटं ऑफिस असेल तर आधी एक काम करा, राउटरच्या पोर्ट फॉरवर्डिंगच्या (बाहेरून आत यायला वाट देणाऱ्या सेटिंगच्या) पानावर जाऊन ३३८९ हा नंबर कुठे दिसतोय का बघा. दिसला तर पुढचं नंतर वाचा, आधी तो काढून टाका. हा विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुसरीकडे बसून कॉम्प्युटर चालवायच्या सोयीचा, पोर्ट (दाराचा नंबर) आहे, घरून हिशोब बघता यावा म्हणून कोणीतरी कधीतरी उघडून देतं आणि मग वर्षानुवर्षं तो तसाच राहतो. माझ्या ओळखीच्या एका ऑफिसात ऐन मार्च एंडला सकाळी शटर उघडून बघतात तर सर्व्हरवरच्या सगळ्या फायलींची नावं बदललेली आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी एक चिठ्ठी, बॅकअपची हार्ड डिस्क पण त्याच मशीनला कायम लावून ठेवलेली त्यामुळे ती पण गेली. तेव्हापासून कोणी नेटवर्कबद्दल विचारलं की मी आधी फायरवॉलच (इंटरनेट आणि आपलं नेटवर्क यांच्या मधला पहारेकरी) बसवायला सांगतो, आणि तो फुकटात बसतो हे पण सांगतो.

मी ओपीएनसेन्स वापरतो, साध्या पीसीला फायरवॉल बनवणारी ही फुकट सिस्टीम आहे. २००४ मध्ये मोनोवॉल नावाच्या प्रोजेक्टमधून पीएफसेन्स निघाला आणि पीएफसेन्समधून २०१५ च्या जानेवारीत ओपीएनसेन्स, दोन्ही फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतात. पीएफसेन्स आधीपासून येत असेल तर तोच वापरा, बहुतेक सगळं सारखंच आहे. आयपीफायर हा तिसरा पर्याय लिनक्सवर आहे आणि त्यात लाल, हिरवा, निळा, नारिंगी असे झोन (नेटवर्कचे भाग) असतात, नवीन माणसाला ते पटकन कळतं. ओपीएनसेन्सचं लायसन्स बीएसडी आहे म्हणजे धंद्यासाठी वापरला तरी पैसे द्यायचे नाहीत, आणि वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, मोठं अपडेट येतं.

मशीन कुठलं घ्यायचं? ऑफिसातून काढलेला जुना ६४ बिटचा डेस्कटॉप चालतो, फक्त त्यात इंटेलच्या चिपचं दोन किंवा चार पोर्टचं लॅन कार्ड टाका. रियलटेकचे पोर्ट फ्रीबीएसडीवर कधीकधी मधेच अडकतात, त्यांच्यासाठी वेगळं ड्रायव्हरचं प्लगइन आहे पण नवीन घेताय तर इंटेलच घ्या. वीज कमी खाणारं हवं असेल तर चार पोर्टवाला फॅनलेस मिनी पीसी मिळतो, एन१०० प्रोसेसरवाला, घराला आणि वीस-पंचवीस माणसांच्या ऑफिसला तो भरपूर झाला. ८ जीबी रॅम आणि छोटी एसएसडी पुरते. आणि आपल्याकडे लाईट जाते, त्यामुळे दोन गोष्टी विसरू नका, एक तर फायरवॉल आणि ओएनटी (फायबर कंपनीने लावलेला डबा) दोन्ही यूपीएसवर ठेवा आणि दुसरं म्हणजे बायोसमध्ये जाऊन वीज परत आली की मशीन आपोआप चालू होईल अशी सेटिंग करा, नाहीतर रविवारी लाईट गेली की सोमवारी कुणीतरी बटण दाबेपर्यंत नेट बंद.

इन्स्टॉल अर्ध्या तासाचं काम आहे. साईटवरून एएमडी६४ ची (म्हणजे ६४ बिटवाली, इंटेललाही हीच) व्हीजीए इमेज घ्या, चेकसम (फाईल नीट उतरली का ते सांगणारा कोड) जुळतोय का बघा, सेव्हन झिपने उघडा आणि रुफसने पेनड्राइव्हवर लिहा. बूट झालं की युजर इन्स्टॉलर आणि पासवर्ड ओपीएनसेन्स, दोन्ही छोट्या इंग्रजी अक्षरात, त्यात झेडएफएसचा (डिस्कवर फायली ठेवायची एक पद्धत) पर्याय निवडा कारण अचानक लाईट गेली तर तो यूएफएस या दुसऱ्या पद्धतीपेक्षा नीट तग धरतो. रूटचा (मुख्य युजरचा) पासवर्ड तिथेच बदला. रीबूट झाल्यावर कन्सोलवर (मशीनच्या स्क्रीनवरच्या मेनूत) पहिला पर्याय घेऊन कुठला पोर्ट वॅन (इंटरनेटकडचा) आणि कुठला लॅन (आपल्या कॉम्प्युटरकडचा) ते ठरवा, कोणता कुठला कळत नसेल तर ऑटो डिटेक्टला फक्त केबल लावायची, ते स्वतः ओळखतं. पोर्टवर मार्करने लिहून ठेवा.

आता इथे बरेच जण अडकतात. ओपीएनसेन्सचा लॅनचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो आणि कंपनीने दिलेल्या ओएनटीचा पण बऱ्याचदा तोच असतो, मग दोन्ही भांडतात आणि काहीच उघडत नाही. कन्सोलवर दुसरा पर्याय घेऊन लॅन १९२.१६८.१०.१ करून टाका. जमलं तर ओएनटी ब्रिज मोडला टाकून घ्या, म्हणजे राउटरचं काम फायरवॉलच करेल, आणि पीपीपीओईचं (नेट कनेक्शनच्या लॉगिनचं) युजरनेम-पासवर्ड फायरवॉलमध्ये भरा, काही ठिकाणी व्हीलॅन (एकाच केबलवर वेगवेगळी नेटवर्क करायची पद्धत) नंबर पण लागतो तो लाईनमनकडून घ्या. ब्रिज करून देत नसतील तर डबल नॅटवर (ओएनटी आणि फायरवॉल दोघंही राउटरचं काम करतात) पण नेट चालतं, अगदी अडून बसू नका. जुना वायफाय राउटर टाकू नका, त्याचा डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद करून केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावा, झाला अॅक्सेस पॉइंट.

एवढं झालं की ब्राउझरमध्ये १९२.१६८.१०.१ टाकल्यावर फायरवॉलचं पान उघडेल, सर्टिफिकेटची वॉर्निंग पहिल्यांदा येतेच, विझार्ड पूर्ण करा. बाहेरून आत येणारं सगळं आधीच बंद असतं आणि आतून बाहेर सगळं चालू असतं. बरेच लोक इथेच थांबतात. पण खरा फायदा आहे नेटवर्कचे तुकडे करण्यात.

सीसीटीव्हीचंच घ्या. २०१६ मध्ये मिराय नावाच्या मालवेअरने लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते, फक्त कंपनीचा मूळ पासवर्ड बदलला नव्हता म्हणून, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच जोरावर डाइन या डीएनएस (साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) कंपनीवर हल्ला झाला आणि कितीतरी मोठ्या साईट काही तास बंद पडल्या. तसला डीव्हीआर आणि हिशोबाचा कॉम्प्युटर एकाच स्विचवर का ठेवायचा? मशीनला चार पोर्ट असतील तर व्हीलॅनच्या भानगडीत पण पडायला नको, तिसऱ्या पोर्टला सीसीटीव्हीचा वेगळा स्विच आणि चौथ्याला पाहुण्यांचं वायफाय लावा. दोनच पोर्ट असतील तर मॅनेज्ड स्विच घेऊन व्हीलॅन करा, सीसीटीव्हीला २० आणि गेस्टला ३० असे टॅग द्या, साध्या स्विचवर ते चालणार नाही.

नवीन इंटरफेस (फायरवॉलचा पोर्ट किंवा व्हीलॅन) चालू केला की त्यावर एकही रूल (काय जाऊ द्यायचं, काय नाही याचा नियम) नसतो म्हणजे सगळं बंद. लोकांना वाटतं काहीतरी बिघडलंय. सीसीटीव्हीला आपल्याला नेमकं हेच हवंय! कॅमेरे आणि डीव्हीआर आपसात स्विचवरूनच बोलतात, आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून डीव्हीआर बघायला काही अडचण नाही कारण सुरुवात लॅनकडून होते, उत्तर आपोआप परत येतं. फक्त वेळेसाठी यूडीपी १२३ फायरवॉलच्याच पत्त्यावर उघडा आणि डीव्हीआरमध्ये टाइम सर्व्हर म्हणून तो पत्ता टाका, नाहीतर घड्याळ पुढेमागे होतं आणि चोरी झाल्यावर फुटेजमधली वेळच चुकीची निघते.

गेस्टला तीन पायऱ्या. वर डीएनएस म्हणजे पोर्ट ५३ फायरवॉलकडे चालू, मग लॅनकडे, बाकी खासगी पत्त्यांकडे आणि खुद्द फायरवॉलकडे जाणारं बंद, मग उरलेलं सगळं चालू. क्रम महत्त्वाचा, रूल वरून खाली वाचले जातात आणि जो पहिला जुळला तो लागू. आणि लॅनकडे जाणारं बंद करताना आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ (पत्त्यांचा जुना आणि नवा प्रकार) दोन्ही निवडा, फायबरवर हल्ली आयपीव्ही६ मिळतो आणि नुसतं आयपीव्ही४ बंद केलं तर मागचं दार उघडं राहतं. रूल टाकूनही जुनं कनेक्शन चालूच दिसतंय? ते आधीपासून स्टेट टेबलमध्ये (चालू कनेक्शनच्या यादीत) असतं, डायग्नोस्टिक्समधून स्टेट्स रीसेट करा मग रूल लागलेला दिसेल. मी यावर एकदा अख्खी संध्याकाळ घालवलीय.

आता घरून हिशोब बघायचाय त्याचं काय. वायरगार्ड, म्हणजे बाहेरून आपल्या नेटवर्कपर्यंत सुरक्षित बोगदा करणारं व्हीपीएन. त्यात इन्स्टन्स बनवा, चाव्या तिथेच तयार होतात, पोर्ट ५१८२०, आतला पत्ता १०.१०.१०.१. फोनसाठी पीअर (बोगद्याचं दुसरं टोक) बनवला की क्यूआर कोड येतो तो वायरगार्डच्या अॅपमध्ये स्कॅन करा. वॅनवर फक्त यूडीपी ५१८२० उघडायचं, आणि वायरगार्डच्या इंटरफेसवर ज्या एका कॉम्प्युटरवर जायचंय तेवढाच पत्ता चालू करा, अख्खं लॅन नको. ज्याच्याकडे चावी नाही त्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे इंटरनेटवर पोर्ट शोधत फिरणाऱ्यांना तो दिसतच नाही, ३३८९ चं मात्र उलट आहे. मोबाईलवर कॅमेरे पण याच रस्त्याने बघा.

एक अडचण येईल. वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे कंपनी बाहेरचा एकच पत्ता अनेकांना वाटून देते, बाहेरून कोणीच तुमच्यापर्यंत पोचू शकत नाही. मग थोडे पैसे भरून स्टॅटिक आयपी (स्वतःचा कायमचा पत्ता) घ्या, किंवा टेलस्केलचं (सीजीनॅटमधूनही जोडणारं व्हीपीएन) प्लगइन टाका, घरासाठी ते पुरतं.

ऑफिसला दोन कंपन्यांच्या लाईन असतील तर गेटवे ग्रुपमध्ये (बाहेर जायच्या लाईनच्या गटात) एक टियर १ (मुख्य) आणि दुसरी टियर २ (राखीव), आणि दोन्हीला वेगवेगळा मॉनिटर आयपी (लाईन चालू आहे का ते तपासायचा पत्ता) द्या, मग लॅनच्या रूलमध्ये गेटवे म्हणून तो ग्रुप निवडा. ते निवडायचं राहिलं तर पहिली लाईन पडल्यावर नेट बंदच राहील. डीएनएसचा रूल या रूलच्या वर आणि गेटवे न निवडता ठेवा. सुरिकाटा (हल्ले ओळखणारं सॉफ्टवेअर) वगैरे सुरुवातीला नको, प्रोसेसर खातो आणि लॉग वाचायला माणूस लागतो. त्यापेक्षा अनबाउंडमध्ये (फायरवॉलमधल्या डीएनएसमध्ये) ब्लॉकलिस्ट चालू करा, जाहिराती आणि बऱ्याच फसव्या साईट तिथेच अडतात.

अपडेटच्या आधी स्नॅपशॉट (सिस्टीमची आहे तशी नक्कल) घ्या आणि कॉन्फिगची (सगळ्या सेटिंगची) एक्सएमएल फाईल उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा, मशीन जळालं तरी दुसऱ्यावर ती चढवून पोर्ट जुळवले की काम सुरू. सगळं झाल्यावर गेस्ट वायफायवरून हिशोबाच्या कॉम्प्युटरला पिंग मारून बघा, उत्तर यायला नको. मग फोनचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर वायरगार्ड जोडून बघा. आणि रूटचा पासवर्ड कागदावर लिहून पेनड्राइव्हबरोबर पाकिटात घाला आणि ते पाकीट मालकाच्याच कपाटात ठेवा, सेटिंग करणाऱ्याकडे नाही.