क्रोशे विणताना या चुका टाळा: मफलरची पताका आणि गोलाची झालर का होते

माझा पहिला मफलर 40 खांबांनी, म्हणजे 40 टाक्यांनी, सुरू झाला आणि 27 वर संपला. मधे मी एकदाही टाके कमी केले नव्हते, निदान मला तरी तसं वाटत होतं. मावशीनं तो हातात घेतला, दोन्ही टोकं जुळवून पाहिली आणि म्हणाली, "छान झालाय गं, पण हा मफलर नाही, पताका आहे." मग तिनं कडेला बोट ठेवलं. "इथं शेवटचा खांब राहतोय. दर ओळीला नाही, तुझं लक्ष उडालं की."

मला तेरा चुका करून जे कळलं नव्हतं, ते तिला नुसत्या कडेवरून कळलं. क्रोशाची ही एक सोय आहे. काय चुकलंय ते आकारावरून ओळखता येतं. त्यामुळे इथे पहिली पायरी, दुसरी पायरी असं काही नाही. तुमच्या हातातलं विणकाम कसं दिसतंय ते बघा आणि तिथून मागे या.

आधी नावांचं ठरवून घेऊ. मुका खांब म्हणजे बुटका टाका: सुई घालून दोरा ओढायचा, सुईवर दोन फास झाले की पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम काढायचा. खांब म्हणजे सुईवर आधी एक वेढा घेऊन केलेला, साधारण दुप्पट उंचीचा टाका. बाकी साखळी, म्हणजे सुईवरच्या फासातून नुसता दोरा ओढून केलेली कडी, सगळ्यांना माहीत असतेच.

कडा आत चालल्यात, किंवा बाहेर

ओळ संपली की आपण वळतो, आणि वळताना उंची गाठायला साखळ्या घालतो. मुक्या खांबासाठी 1, खांबासाठी 3. ती 1 साखळी सहसा टाका म्हणून मोजत नाहीत. त्या 3 साखळ्या मात्र बहुतेक नमुन्यांत पहिला खांब म्हणून धरतात. कडांचा जवळपास सगळा घोळ या एका फरकात आहे.

3 साखळ्या हाच पहिला खांब असेल, तर पुढचा खांब त्यांच्या बुडाशी असलेल्या टाक्यात घालायचा नाही, शेजारच्या टाक्यात घालायचा. बुडाशी घातला की एक टाका वाढला. आणि ओळीच्या शेवटी, मागच्या वळणावरच्या त्या 3 साखळ्यांच्या डोक्यावर एक खांब घालावाच लागतो. तो साखळीवर असल्यामुळे टाक्यासारखा दिसत नाही, म्हणून नेमका तोच राहतो. माझे तेरा असेच गेले. काही जणी तर सुरुवातीला एक वाढवतात आणि शेवटी एक गाळतात. मोजणी बिनचूक 40 भरते, कड मात्र नागमोडी होते, आणि मोजूनही कारण सापडत नाही.

यावर उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे: ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात मार्कर लावा. विकतचा नको, दुसऱ्या रंगाच्या लोकरीचा बोटभर तुकडा पुरतो. पुढच्या ओळीत त्या खुणेच्या टाक्यात सुई गेली म्हणजे गेली, मोजायची गरजच नाही. मी स्वतः आता वळताना 2 साखळ्या घालते आणि त्या मोजतच नाही. पहिला खांब सरळ बुडाशी. 3 साखळ्यांमुळे कडेला जी फट पडते तीही त्यानं भरून येते. फक्त नमुन्यात 3 मोजल्या असतील तर आपण वेगळं करतोय हे लक्षात ठेवायचं, नाहीतर एक टाका जास्तीचा झाला असं वाटून उगाच उसवाल.

गोल सपाट बसत नाही

वाटीसारखा उचलला जात असेल तर टाके कमी वाढवलेत. कडेला झालर पडत असेल तर जास्त. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण किती वाढवायचे हा आकडा कुठून येतो, हे एकदा समजलं की नमुना समोर नसला तरी अडत नाही.

वर्तुळाचा परीघ त्रिज्येच्या साधारण 6.28 पट असतो. प्रत्येक फेरीत त्रिज्या एका टाक्याच्या उंचीनं वाढते. मुका खांब जवळपास जेवढा रुंद तेवढाच उंच, म्हणजे परीघ दर फेरीला सहा टाक्यांएवढा वाढायला हवा. म्हणून 6, 12, 18, 24, 30. खांब रुंदीच्या साधारण दुप्पट उंच असतो, म्हणून तिथे 12, 24, 36, 48. मुक्या खांबाचा नमुना खांबात विणायला घेतला आणि वाढ सहाचीच ठेवली, तर टेबलावरच्या रुमालाऐवजी टोपी तयार होणारच.

आता हात सगळ्यांचे सारखे नसतात. कुणाचा मुका खांब थोडा उंच उठतो, कुणाचा दबका असतो. आकडे बरोबर असूनही गोल जरासा उचलला जात असेल, तर सुई अर्ध्या मिलिमीटरनं मोठी घेऊन बघा. थोडीशी वाटी असेल तर धुऊन, ओली असतानाच सपाट ताणून टाचण्या लावून वाळवली की बसते. झालर मात्र टाचण्यांनी पूर्ण जात नाही, ती उसवावीच लागते.

गोलाऐवजी षटकोन दिसतोय? मग वाढीचे टाके दर फेरीत एकमेकांच्या डोक्यावर येतायत. एका फेरीत वाढ सुरुवातीला, पुढच्या फेरीत दोन वाढींच्या मधोमध, असं सरकवत न्या. आकडा तोच, कोपरे गायब.

आणि फेरी नेमकी कुठे सुरू झाली ते डोळ्यांनी ओळखू असं समजू नका. जोड न देता गोल-गोल चढत जाणाऱ्या विणकामात तर अजिबात ओळखू येत नाही. तिथेही तोच लोकरीचा तुकडा.

नमुन्याप्रमाणेच केलं, तरी वस्तू भलत्याच मापाची

आधी नमुना अमेरिकन आहे की ब्रिटिश, ते बघा. दोन्हीकडे नावं तीच, टाके वेगळे. आपला मुका खांब अमेरिकेत 'सिंगल क्रोशे', ब्रिटनमध्ये तोच 'डबल क्रोशे'. आपला खांब अमेरिकेत 'डबल क्रोशे', ब्रिटनमध्ये 'ट्रेबल'. म्हणजे ब्रिटिश नमुना अमेरिकन समजून विणायला घेतला, तर मुक्या खांबाच्या जागी दुप्पट उंच खांब. ओळखायची खूण सोपी आहे: कुठेही 'सिंगल क्रोशे' लिहिलेलं असेल तर नमुना जवळजवळ नक्की अमेरिकन. टाका सोडायला 'मिस' म्हटलं असेल तर ब्रिटिश, 'स्किप' म्हटलं असेल तर अमेरिकन. चिन्हांचा तक्ता मिळाला तर सगळ्यात बरं. लंबगोल म्हणजे साखळी, फुली किंवा अधिक म्हणजे मुका खांब, वरच्या आडव्या रेघेखाली उभ्या दांडीवर एक तिरकी काट म्हणजे खांब. तिथे भाषेचा प्रश्नच येत नाही.

सुईच्या नंबरांचा गोंधळ तर याहून मजेदार. अमेरिकन मापात 6 नंबर म्हणजे 4 मिमी आणि 8 नंबर म्हणजे 5 मिमी. जुन्या ब्रिटिश मापात बरोब्बर उलट: 6 म्हणजे 5 मिमी, 8 म्हणजे 4 मिमी. घरातल्या जुन्या डब्यात सापडलेल्या सुईवर नुसता आकडा असेल तर त्यावर विसंबू नका, जाडी मोजा.

हे सगळं जुळलं तरी राहतं ते गेज, म्हणजे 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते. त्यासाठी आधी छोटा चौकोन विणून बघणं सगळ्यांना वेळ घालवणं वाटतं, मलाही वाटायचं. हिशोब करून बघा. स्वेटरच्या नमुन्यात 10 सेंमीला 16 टाके आहेत आणि छाती 100 सेंमी, म्हणजे 160 टाके. तुमचा हात घट्ट आहे, 10 सेंमीत 18 बसतात. तेच 160 टाके तुमच्या हातात 89 सेंमीचे होतात. अकरा सेंमी गेले, आणि तेही फक्त दोन टाक्यांच्या फरकानं.

15 सेंमीचा चौकोन विणा, आधी धुवा, वाळवा आणि मगच मधल्या 10 सेंमीत टाके मोजा. कडेचे टाके नेहमी ताणलेले असतात. टाके जास्त भरले तर सुई मोठी, कमी भरले तर लहान. मुद्दाम घट्ट किंवा सैल विणायचा प्रयत्न करू नका, दहाव्या ओळीपर्यंत हात आपल्या मूळ सवयीवर येतो.

तोच चौकोन उसवण्याआधी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. समजा 15 बाय 15 चा चौकोन 9 ग्रॅम भरला. म्हणजे 225 चौरस सेंमीला 9 ग्रॅम. 100 बाय 120 ची गोधडी 12,000 चौरस सेंमी, तिला 480 ग्रॅम लागणार. बाजू दुप्पट केली तर लोकर चौपट लागते, हे विसरून मी दोनदा अर्ध्यात अडकलेय. दुसरी लोकर वापरणार असाल तर लेबलवरचं वजन नाही, लांबी जुळवा. जाड लोकर 100 ग्रॅममध्ये 100 मीटर भरते, बारीक 400.

आणि सगळी लोकर एकदम घ्या. लेबलवर रंगाच्या नंबराशेजारी लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा, नंबर असतो. रंग तोच, लॉट वेगळा असला तर दुकानात फरक दिसत नाही, गोधडीवर मात्र आडवा पट्टा उमटतो. वेळ आलीच, तर जुना आणि नवा गुंडा दोन-दोन ओळींनी आलटून-पालटून विणत न्या. सीमारेषा पुसट होते.

बारीकसारीक

खालची कड कमानीसारखी ओढली जात असेल तर पायाची, म्हणजे अगदी सुरुवातीची, साखळी घट्ट झालीय. फक्त साखळीपुरती एक नंबर मोठी सुई घ्या.

विणलेल्या बाहुलीच्या अंगावर काही टाके इंग्रजी 'व्ही'सारखे आणि काही फुलीसारखे दिसतायत? पहिला दोरा ओढताना कधी तो सुईवरून घेताय, कधी सुईखालून. फुलीचा टाका घट्ट आणि किंचित लहान होतो. काही जणींना तोच आवडतो, पण एका वस्तूत एकच. बाहुल्यांसाठी लेबलवर सांगितलेल्या सुईपेक्षा लहान सुई घ्या, नाहीतर आतला कापूस टाक्यांमधून डोकावतो. तीन वर्षांखालच्या मुलासाठी बाहुली असेल तर प्लॅस्टिकचे डोळे नकोत, लोकरीनंच भरा.

दोऱ्याची टोकं गाठ मारून कापू नका. गाठ धुण्यात सुटते, किंवा नको तिथे वर येते. किमान 15 सेंमी टोक ठेवा आणि बोथट सुईनं आधी एका दिशेनं, मग उलट, मग पुन्हा पहिल्या दिशेनं टाक्यांच्या पोटातून ओवा. दिशा बदलली की निसटत नाही. हे काम शेवटावर ढकलू नका. बावीस टोकं लोंबणारी वस्तू कपाटात जाते ती जातेच.

अ‍ॅक्रिलिकवर इस्त्री टेकवू नका. ते उष्णतेनं लिबलिबीत होतं आणि परत पूर्वीसारखं होत नाही. वाफ द्यायची तर इस्त्री वर धरून, लांबून. खरी लोकर गरम पाण्यात चोळली तर आटून तिचा नमदा, म्हणजे जाड घट्ट थर होतो, तोही कायमचा. लेबल फेकलं असेल आणि कशाची आहे तेच माहीत नसेल, तर थंड पाणी आणि हलका हात.

उसवायचं कसं

चूक तीन ओळी खाली दिसली, तर बहुतेकजण पुढच्या ओळीत एक टाका घालून किंवा गाळून हिशोब जुळवतात. आकडा जुळतो, पण ती जागा डोळ्यांना सापडत राहते. क्रोशात सुईवर एकच फास असतो, त्यामुळे उसवताना सलाईच्या विणकामासारखी घरं (सलाईवरचे टाके) निसटून खाली पळण्याची भीती नाही. सुई काढा, चुकलेल्या टाक्यात मार्कर लावा आणि दोरा ओढत सुटा. मार्कर आला की दोरा आपोआप थांबतो.

उसवलेली लोकर नूडल्ससारखी कुरळी होते. लगेच विणायला घेतली तर टाके लहानमोठे येतात. खुर्चीच्या पाठीभोवती ती सैलसर गुंडाळा, दोन-तीन ठिकाणी धाग्यानं बांधा, काढून कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून टांगून ठेवा. सकाळपर्यंत सरळ होते. माझी पताका अशीच तीन दिवस न्हाणीघरात लटकत होती, कारण मी ती पंख्याखाली टांगायची विसरले. मग त्यातून 36 खांबांचा मफलर निघाला, कडेला दोन्हीकडे लाल खुणा लावून. त्यातली एक काढायची राहिलीय ती अजून तशीच आहे.