जुन्या इमारतीची आर्ट गॅलरी करताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक आधी सांगतो: जागा उन्हाळ्यात बघायची आणि उन्हाळ्यातच काम उरकायचं. कोकणातल्या एका जुन्या गोडाऊनचं आम्ही नेमकं हेच केलं, एप्रिलमध्ये भिंती ठणठणीत कोरड्या होत्या म्हणून सिमेंटचा गिलावा, पुट्टी, वर पांढरा प्लास्टिक पेंट, मेअखेर गॅलरी चकाचक, आणि जुलैत खालच्या तीन फुटांत पोपडे सुटायला लागले. कागदावरची चित्रं लावलेली होती, ती रात्रीत उतरवली तरी दोन चित्रांना डाग पडले ते पडलेच.

कारण काय, तर जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते. ती जमिनीतली ओल वर ओढते पण चुना ती बाहेरही सोडतो. वर सिमेंट नि प्लास्टिक पेंट चढला की ओलीला वाट उरत नाही, ती अजून वर चढते आणि क्षार रंगामागे साचतात, तोच लोणा. त्यावर वॉटरप्रूफ पेंटचा अजून एक हात मारू नका प्लीज. सिमेंट काढा, भिंत काही महिने सुकू द्या, मग चुन्याचाच गिलावा करा.

ओल कुठून येतेय कळत नसेल तर दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा नि दोन दिवस ठेवा. पाणी प्लास्टिकच्या आत दिसलं तर ते भिंतीतून येतंय, मग पन्हळ फुटलीय का, बाहेरची जमीन जोत्यापेक्षा वर आलीय का ते बघा. बाहेरच्या बाजूला दिसलं तर खोलीतली हवाच दमट आहे. आणि इथेच पुढची चूक होते, एसी फक्त पाहुणे असताना लावायचा नि रात्री बंद. ओलावा सारखा वरखाली झाला की कागद लाटा धरतो, त्यापेक्षा पावसाळ्यात डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढून घेणारं यंत्र) चोवीस तास चालू ठेवा.

चित्रं टांगायला जिप्सम बोर्ड थेट जुन्या भिंतीला ठोकू नका, मागे बुरशी धरते. दोन-तीन इंच जागा सोडा, खालीवर हवा खेळू द्या, आणि बोर्डमागे 18 मिमी प्लाय घालाच, नाहीतर जड फ्रेमचा स्क्रू निघून येतो.

लाइटचं थोडक्यात: कागद नि कापडाला 50 लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप), तैलचित्रांना साधारण 200. ऊन थेट चित्रांवर येऊ देऊ नका, पण म्हणून सगळ्या खिडक्या बुजवूही नका. जुनी इमारत घेतलीय ती तिच्या जुन्या बाजासाठीच ना? लंडनचं बँकसाइडचं वीजघर 1981 मध्ये बंद पडलं, 2000 मध्ये तिथे टेट मॉडर्न हे आधुनिक कलेचं संग्रहालय सुरू झालं, आणि तिथला अवाढव्य टर्बाइन हॉल मजले घालून भरून न टाकता मोकळा ठेवला, मला तो निर्णय फार मोठा वाटतो. आपल्या मुंबईत 1911 चा कावसजी जहांगीर हॉल 1996 मध्ये एनजीएमए (नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट) झाला, तिथे उलट बाहेरचं रूप राखून आत नवे मजले नि अर्धगोल भिंती आल्या. जिने चढत वर घुमटाखाली पोचायला मला आवडतं, पण सपाट मोठा कॅनव्हास गोल भिंतीला नीट टेकत नाही, त्यामुळे असं काही डोक्यात असेल तर आधी एखाद्या क्युरेटरशी बोला.

लाकडी माडीवर शिल्प ठेवायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला तुळयांची भिंतीत शिरलेली टोकं तपासायला लावा, मधून ठणठणीत दिसणारी तुळई टोकाला कुजलेली असते. वापर बदलाची परवानगी नि फायरची एनओसी काम काढण्याआधी, आणि इमारत हेरिटेज यादीत असेल तर समितीला विचारल्याशिवाय दगडात एक भोकसुद्धा पाडू नका.

आणि दाराचं माप घ्या, जिन्याच्या वळणाचंही. चित्र पॅकिंगच्या खोक्यासकट आत येतं, खोकं चारही बाजूंनी काही इंच मोठं असतं, आणि पावसात टेम्पो दारात उभा असताना हे कळून उपयोग नाही.