गिधाडाच्या उवा कशा बघायच्या (पीस घरी न आणता)

नाशिक जिल्ह्यात अंजनेरीला किंवा हरसूलकडे खोरीपाड्याला गिधाडं बघायला जाणारे बरेच जण कड्याखाली हातभर लांब पीस दिसलं की आधी सॅकमध्ये कोंबतात. तेवढं करू नका. गिधाड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याचं पीसही विनापरवाना जवळ ठेवता येत नाही. काय बघायचं ते तिथंच बघा.

हातमोजे घाला, पीस उन्हासमोर धरा, भिंग नसेल तर मोबाईलचा मॅक्रो चालतो. मधल्या दांड्याजवळ तंतूंना पांढरट बारीक कण ओळीनं चिकटलेत का बघा, झटकून पडत नसतील तर त्या लिखा असू शकतात. तंतूत बारीक भोकं असतील तर तेही उवांचं काम असू शकतं. जिवंत ऊ मात्र क्वचितच मिळते, अंगाची ऊब गेली की ती फार टिकत नाही. गिधाडांवरच्या बहुतेक उवा पिसं, कोंडा खाऊन जगतात, आणि लेमोबोथ्रिऑन प्रकारातली एखादी तर जवळपास १ सेंटीमीटर भरते, पहिल्यांदा फोटो झूम केला तेव्हा मी दोन दिवस डोकं खाजवत होतो, उगाच, कारण त्या माणसावर राहत नाहीत!

गिधाडाच्या पोटातले जंत तपासायचं काम घरचं नाही. रेस्क्यू सेंटरमधले डॉक्टर ताजी विष्ठा मिठाच्या संपृक्त पाण्यात कालवतात, वर काच ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबतात, बरीचशी अंडी तरंगून काचेला लागतात, मग मायक्रोस्कोप.

आता महत्त्वाचं. मान टाकून बसलेलं गिधाड दिसलं आणि अंगावर उवा बुजबुजल्यात म्हणून कोणी गोचिडाची पावडर मारायला निघालं तर आधी हात धरा त्याचा. आजारी पक्षी चोचीनं पिसं साफ करत नाही म्हणूनही उवा वाढतात, मूळ दुखणं वेगळंच असू शकतं, डायक्लोफेनॅक हे गिधाडांना विषारी ठरणारं वेदनाशामक दिलेल्या जनावराचं मढं खाल्लेलं असू शकतं (जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे, तरी). लांब थांबा, वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.

आणि उवा म्हणजे नुसती घाणच असंही नाही हं. कॅलिफोर्नियात १९८० च्या दशकात उरलेसुरले काँडर (तिकडची गिधाडं) पकडून औषध मारून साफ केले, आणि फक्त त्यांच्याच अंगावर राहणारी उवेची एक जात कायमची गेली असं मानतात.