कुरडईचा चीक बुडाशी लागू नये म्हणून

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीच्या पंधरवड्यात आमच्या जळगावात वाळवणाची घाई असते. ऊन ४० अंशांच्या वर गेलेलं, म्हणून चीक पहाटेच शिजवायला घ्यायचा आणि उन्हं चढायच्या आत कुरडया गच्चीवर पडलेल्या असायच्या. तीन दिवस गहू भिजवले, रोज पाणी बदललं, वाटून-गाळून चीक काढला आणि शेवटच्या अर्ध्या तासात तो करपला, तर काय वाटतं ते ज्याचं त्यालाच माहीत. करपट वास सगळ्या चिकात उतरतो. काळे कण तर कुरडया वाळल्यावर जास्तच दिसतात.

आधी चीक बुडाशी का लागतो, ते समजून घ्या. चीक म्हणजे गव्हाचं सत्त्व. ते पाण्यात विरघळत नाही, नुसतं तरंगत राहतं आणि हात थांबला की तळाशी बसतं. साधारण ६० अंशांच्या आसपास ते पाणी पिऊन फुगतं, घट्ट होतं. पातळ पाणी उकळताना खालचं वर, वरचं खाली आपोआप फिरतं. घट्ट चीक फिरत नाही. बुडाला चिकटलेल्या थरातलं पाणी आटलं की तो थर १०० अंशांच्या पुढे तापतो आणि करपतो. म्हणजे ते फिरवण्याचं काम आपल्या हाताने करायचं.

भांडं जाड बुडाचंच घ्या. आमच्याकडे त्याला गंज म्हणतात. कानवाला असला तर उत्तम. पातळ स्टीलच्या पातेल्यात गॅसची ज्योत जिथे लागते तिथेच गोल काळा डाग उठतो. दुसरं भांडं नसेल तर खाली जुना लोखंडी तवा ठेवा. पण पाणी तव्यावर उकळत बसू नका, फार वेळ जातो. पाणी सरळ आचेवर उकळा, तोवर शेजारच्या शेगडीवर तवा तापू द्या, आणि मग दोघांनी धरून भांडं तव्यावर घ्या.

रात्रभर निवळलेल्या चिकावरचं पिवळसर आंबट पाणी हलक्या हाताने ओतून टाका. खाली दगडासारखा बसलेला चीक हाताने पूर्ण मोडा. हे नीट केलं नाही तर पुढचं सगळं फुकट; गुठळी आधी तळ गाठते आणि तिथेच करपते. ज्या भांड्याने चीक मोजला त्याच भांड्याने तेवढंच पाणी घ्या. त्यात मीठ, हिंग, चमचाभर तेल. खळखळून उकळी आली की त्यातलंच एक तांब्या पाणी बाजूला काढून ठेवा.

आता दोन माणसं हवीत. गॅस अगदी बारीक करा. एकाने उकळत्या पाण्यात चिकाची बोटभर धार धरायची, दुसऱ्याने चाटू फिरवायचा, तोही थांबायचा नाही. चाटू सपाट टोकाचा असावा. गोल दांडा मधोमध फिरतो आणि कडेचा कोपरा तसाच राहतो. करपायची सुरुवात तिथूनच होते. घट्ट वाटलं तर काढलेलं गरम पाणी थोडं थोडं घाला, गार पाणी नको.

माझा भाचा जर्मनीत असतो आणि हौसेने घरीच बीअर गाळतो. तिकडे त्याला परवानगी आहे. २०२४ पासून वर्षाला ५०० लिटरपर्यंत करही नाही. (आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, विनापरवाना घरी असलं काही करू नका.) जवाच्या मॉल्टचा काकवीसारखा घट्ट पाक तो उकळत्या पाण्यात ओतायचा आणि दरवेळी बुडाशी करपायचा. मी म्हटलं, अरे, पाक पाण्यापेक्षा जड, तो सरळ तळाशी जाणारच. आधी शेगडी बंद कर, पाक ओत, तळ खरवडून पूर्ण विरघळव, मगच आच लाव. तेव्हापासून त्याचा काढा लागत नाही. चिकात मात्र गॅस बंद करून चालत नाही. पाक विरघळतो, चीक विरघळत नाही; आच नसेल तर तो कच्चा राहून खाली बसतो. म्हणून बारीक.

चीक पारदर्शक, चकचकीत झाला, कडा सोडू लागला की झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सात मिनिटं वाफ काढा. मधे एकदा ढवळा. ओलं बोट लावल्यावर चिकटला नाही तर झाला. गरम असतानाच सोऱ्यात भरा. मुलांची वाटी तेल घालून आधीच बाजूला काढा, नाहीतर सोऱ्यापर्यंत काही पोचत नाही.

एवढं करूनही वास आलाच, तर पहिली चूक म्हणजे खरवडणं. ते करूच नका. गॅस बंद करा, वरचा चीक दुसऱ्या भांड्यात अलगद काढा, तळाच्या थराला हात लावू नका. काढलेला चाखून बघा. करपट लागला तर हिंग वाढवून काही होत नाही, तो कुरडयांत घालू नका. वास नसेल तर उरलेली वाफ नव्या भांड्यात काढा. करपलेल्या गंजात पाणी आणि खायचा सोडा घालून उकळा, रात्रभर तसाच राहू द्या; सकाळी लाकडी उलथन्याने पापुद्रा निघतो.