जुन्या सॅक आणि गिर्यारोहणाचं साहित्य गोळा करताना

क्लबमध्ये नवी मुलं येतात तेव्हा त्यांच्याकडे सॅक नसते आणि जुन्या मेंबरांच्या पोटमाळ्यावर तीन-तीन पडून असतात. त्या गोळा करायला निघण्याआधी मनाशी दोन ढीग पक्के करा: पाठीवर वाहायचं सामान आणि ज्याच्यावर जीव टांगायचा ते साहित्य. पहिलं मोकळ्या हाताने घ्या. दुसऱ्याचा इतिहास देणाऱ्याला सांगता आला नाही, तर ते कितीही नवं दिसलं तरी नको.

सॅक रिकामी करून आतून उलटी करा. कोटिंग हाताला चिकट लागलं किंवा त्याचे पांढरे पापुद्रे निघाले, तर आता ते पाणी अडवणार नाही. दमट हवेत बंद पडलेल्या सॅकचं हे हमखास होतं. पापुद्रे घासून काढून आत जाड प्लास्टिकची पिशवी घातली की सॅक पुन्हा चालते. मग लिटरच्या १२ भरलेल्या बाटल्या आत ठेवून सॅक एका पट्ट्याने उचला आणि पट्टा पाठीला जिथे शिवलाय तिथे नीट बघा. टाक्यांमधून फट दिसली तर नायलॉनच्या दोऱ्याने दुहेरी शिवण मारून घ्या; सुती दोरा घामापावसात कुजतो. चेन लावल्यावर मागून उघडत असेल तर बहुतेकदा दात शाबूत असतात, रनर सैल झालेला असतो. पकडीने त्याच्या दोन्ही कडा अगदी हलके दाबा, जोर दिला तर तो तडकतो. तुटलेल्या बक्कलसाठी आधी पट्टीची रुंदी मोजा, मगच दुकानात जा.

प्रत्येक सॅकला लिटर आणि पाठीची लांबी लिहिलेली चिठ्ठी बांधा. माणसाची पाठ मोजायची ती मान झुकवल्यावर वर येणाऱ्या मणक्यापासून कमरेच्या हाडाच्या वरच्या काठापर्यंत. कमरपट्टा त्या हाडावर बसला नाही, तर सगळं ओझं खांद्यांवर येतं.

बूट घेताना सोलच्या वरचा फोमचा थर अंगठ्याने दाबा. भुगा पडला किंवा चीर दिसली तर सोल चालता चालता सुटणार. न वापरता ठेवलेल्या बुटांचंही असं होतं.

आता रोप. तो कुठे ठेवला होता हे आधी विचारा. इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी असेल तर तिथेच थांबा: ॲसिडने नायलॉन आतून कमजोर होतं आणि डोळ्यांना काही दिसत नाही. नाहीतर एका टोकापासून पूर्ण रोप बोटांतून काढा, दर वीतभर अंतरावर चिमटीत वाकवून बघा. निरोगी रोपाचा वाक गोल राहतो. जिथे तो कागदासारखा घडी पडतो किंवा बोटाला पोकळ लागतो, तिथे गाभा गेलेला असतो.

हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे) आणि स्लिंग (कापडी पट्टीचं शिवलेलं कडं) यांवरचं उत्पादनाचं वर्ष वाचा. बहुतेक कंपन्या न वापरलेल्या कापडी साहित्यालाही १० वर्षांची कमाल मर्यादा देतात. वर्षाचं लेबल पुसलं असेल तर घेऊ नका. कॅराबिनर म्हणजे रोप अडकवायची धातूची कडी; तिचं गेट, म्हणजे उघडणारी दांडी, सोडल्यावर आपोआप पूर्ण मिटलं पाहिजे, आणि रोप घासून कडीवर १ मिमी खोल खाच पडली असेल तर कॅराबिनर बाद. दगडाचा मार बसलेलं हेल्मेट तडा दिसत नसला तरी बाद.

बाद रोप अख्खा कोपऱ्यात ठेवू नका. घाईत कुणीतरी तोच उचलून कड्यावर नेतो. त्याच दिवशी त्याचे दोन-दोन मीटरचे तुकडे करा, टोकं मेणबत्तीवर वितळवा आणि गाठी शिकवायला ठेवा.