झाकलेलं एडीएचडी हळूहळू उघडं कसं करावं

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशोब बघते. वय 41. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वस्थ बसणं लहानपणापासूनच अवघड जाणं, असल्याचं कळलं 38 व्या वर्षी. त्याआधी मी ते इतकं झाकत होते की नवऱ्यालाही पत्ता नव्हता. चार वेळा ‘वेंधळी’ म्हणवून घेतलं की मुलगी झाकायला आपसूक शिकते. ते सोडायचं कसं, हे मात्र मला कुणी सांगितलं नाही, म्हणून लिहिते.

आधी आठवडाभर स्वतःवर नजर ठेवा आणि काय काय झाकता ते वहीत लिहा. माझ्या वहीचं पहिलं पान असं होतं: सौदा दहाला, मी सव्वानऊलाच हजर, उशिराची धास्ती. पाय हलू नये म्हणून एकावर एक दाबून बसले. एक पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाचा कागद, चार वेळा तपासली. दुपारी सगळे हसले म्हणून मीही हसले, विनोद ऐकलाच नव्हता. संध्याकाळी दारात गाडी लावून तशीच बसून राहिले, जिना चढायचं त्राण नव्हतं.

आणि एक ओळ खाली रेघ मारून: ‘हो हो, बरोबर.’ समोरचा बोलत असताना माझा धागा सुटला की मी हे म्हणायचे. एका शेतकऱ्याने सांगितलं होतं, ताई, या पट्टीत निम्मीच उचल कापा, पोरीची फी भरायची आहे. मी मान डोलावली आणि हमाली, तोलाईबरोबर सगळी उचल कापून टाकली. त्याला गावी पोचल्यावर कळलं. ‘परत एकदा सांगता का?’ एवढं विचारलं असतं तरी भागलं असतं. त्याचं नुकसान माझ्या ऐकल्याच्या सोंगाने झालं. ते मला अजून लागतं.

वही भरली की प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: आजूबाजूला कुणी नसतं तरी मी हे केलं असतं का? हो असेल तर ती मदत आहे, ती अजिबात सोडू नका. फोनचे गजर, दाराला आतून चिकटवलेली ‘किल्ली, डबा, चष्मा’ ही चिठ्ठी, दूध तापेपर्यंत कट्ट्यापाशीच उभं राहणं. नाही असेल तर ते झाकणं. काही गोष्टी दोन्हीत असतात. पट्टी दोनदा तपासणं कामासाठी होतं, पुढच्या दोन खेपा भीतीपोटी. आता दोनदाच तपासते, दुसऱ्यांदा आकड्यावर बोट ठेवून, मोठ्याने वाचून.

आता सोडायला सुरुवात, पण घाई नको. पूर्वी सांगलीजवळच्या हरिपूरला हळद जमिनीतल्या पेवात साठवायचे. 2005 च्या पुरात बरीच पेवं गेली. पेवाचं तोंड उघडल्यावर कुणी लगेच आत उतरत नसे, आधी हवा खेळू द्यायचे, नाहीतर माणूस गुदमरतो. मी निदान झालं त्याच आठवड्यात सासरी, माहेरी, अडतीवर सगळीकडे सांगून टाकलं. ‘हल्ली सगळ्यांनाच काही ना काही असतं’ हे ऐकलं आणि दुपटीने झाकायला लागले. म्हणून आधी एकच माणूस निवडा. माझी धाकटी बहीण. तिच्यासमोर मी बोलताना फेऱ्या मारते.

कामाच्या ठिकाणी आजाराचं नाव सांगायलाच हवं असं नाही. काय लागतं ते सांगा. मी म्हटलं, “अण्णा, तोंडी सांगितलेलं माझ्याकडून निसटतं. चिठ्ठी द्या, नाहीतर व्हॉट्सअॅपवर टाका.” अण्णा म्हणाले, “एवढंच होय?” तेव्हापासून काउंटरला दोरीने पेन बांधलेलं पॅड लटकतंय.

घरात पाय हलवला की लक्ष्मी जाते म्हणतात. सासूबाईंशी यावर वाद घालू नका, हातांना काम द्या. चार बायका जमल्या की मी वाती वळायला घेते, नाहीतर शेंगा सोलते. हात चालू राहिले की कान जागे राहतात, आणि कुणाला त्यात वावगं दिसत नाही.

एका जागी मात्र काहीही झाकू नका: डॉक्टरांसमोर. मिरजेला पहिल्या भेटीत मी इस्त्रीची साडी नेसून, अर्धा तास आधी पोचून, मुद्देसूद उत्तरं दिली. डॉक्टरांना चिंतारोग वाटला, त्यात त्यांची चूक नव्हती. दुसऱ्या वेळी आईला आणि चौथीचं प्रगतिपुस्तक घेऊन गेले. ‘हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते.’ 2013 च्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तकातल्या निकषांत काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात, म्हणून जुने कागद आणि लहानपण पाहिलेलं माणूस उपयोगी पडतं. ती वहीही न्या. हे सगळं करायला किती कष्ट पडतात तेही सांगा, नुसतं ‘जमतं’ म्हणू नका. औषध मेथिलफेनिडेट असेल तर चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदार ठेवून घेतो. आपण काही लपूनछपून करतोय असं वाटून घेऊ नका, शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणातल्या औषधांच्या सरकारी यादीचा तो नियमच आहे. डॉक्टरांपर्यंत जायचा धीर होत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलता येतं.

सगळीकडे उघडं होता येत नाही, आणि तसा हट्टही धरू नका. नोकरीची मुलाखत, मुलगी बघायला आलेले पाहुणे, कोर्टकचेरी, तिथे मीही झाकते. फक्त त्याची भरपाई आधी ठरवून ठेवते. परवा दिराच्या लग्नात तीन दिवस नीट बसले, नीट हसले, एकाही मावशीचं बोलणं मधे तोडलं नाही. चौथ्या दिवसाची रजा महिनाभर आधीच टाकली होती. त्या दिवशी नवऱ्याने मुलांना आजोळी सोडलं, आणि मी पंखा लावून दुपारी तीनपर्यंत झोपले.