डिस्कची वाटणी: बांध विंडोजकडूनच सरकवून घ्या

एकाच मशीनवर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) दोन्ही हवेत, तर विंडोज आधी टाका, लिनक्स नंतर. उलट केलंत तर विंडोज स्वतःचाच बूटलोडर (मशीन चालू होताना सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम) पुढे दामटतं आणि लिनक्सकडे जायचा मेनू दिसेनासा होतो.

सी ड्राइव्ह लहान करायचा तो विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून, 'श्रिंक व्हॉल्यूम' वापरून. मोकळी झालेली जागा तशीच पडीक ठेवा. ती लिनक्सचा इन्स्टॉलर घेतो. उबुंटूला किमान २५ जीबी लागतात. मी ५० च्या खाली जात नाही. ईएफआय पार्टिशनला (डिस्कचा तो छोटा तुकडा, जिथे बूटलोडर राहतात) मात्र हात लावायचा नाही. ते दोघांचं सामाईक, वाड्यातल्या आडासारखं.

आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप (मशीन लवकर चालू व्हायची सोय) आधी बंद करा. हे हमखास राहून जातं. ते चालू असेल तर शटडाउननंतरही विंडोज अर्धवट झोपेतच असतं. मग लिनक्समधून त्याच्या फायली फार तर वाचता येतात, बदलता येत नाहीत. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) असेल तर रिकव्हरी की, म्हणजे ते उघडायचा आकडा, कागदावर उतरवून घ्या. बॅकअप वेगळ्या डिस्कवर, हे सांगायला नकोच.

डिस्कवर वाटणीची नोंद जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर प्रायमरी पार्टिशन चारच होतात. तीन-चार सिस्टिम ठेवायच्या तर जीपीटी ही नवी पद्धत बरी.

आपल्या सोलापुरात अजून एक पथ्य: डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर मे महिन्यातल्या दुपारी हा उद्योग करू नका. बांध, म्हणजे पार्टिशनची हद्द, सरकत असताना लाईट गेली की डेटा गेलाच समजा. माझा एकदा गेलाय.